जीभ बाहेर राहिलेला रोल

रोहणा गावातली कापसाची जिनिंग पंधरा वर्षांपासून बंद होती, पण त्या रविवारी तिच्या आवारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. जिथे एके काळी कापसाच्या गाड्या रिकाम्या व्हायच्या तिथे ताडपत्र्या अंथरल्या होत्या. ताडपत्र्यांवर बाया, भिंतीला टेकून पुरुष. आर्वीकडून, पुलगावकडून जीपा भरभरून माणसं आली होती आणि बहुतेकांच्या काखेत फडक्यात गुंडाळलेली एकेक तसबीर होती: कोणाचा बाप, कोणाची सासू, कोणाचा विहिरीत गेलेला भाऊ. मेलेल्या माणसांची एवढी मोठी सभा त्या तालुक्यात आधी कधी भरली नसेल.

व्यासपीठावर छायानंद महाराज बसले होते आणि त्यांच्यापुढे मखमली उशीवर त्यांचा कॅमेरा. रोल घालायचा, अंगठ्याने खटका ओढून पुढे सरकवायचा, तसला जुना कॅमेरा. त्याला हार घातला होता, हळदकुंकू वाहिलं होतं आणि समोर उदबत्ती लावली होती. भिंगाला उदबत्तीचा धूर देणारा माणूस एक तर कॅमेऱ्यातलं काहीच जाणत नाही, नाही तर माणसांतलं सगळं जाणतो.

"मोबाइल झूठ बोलता है!" महाराजांनी बोट वर केलं. "मोबाइलमधे बुढ्याचा जवान होते का नाई? काळ्याचा गोरा होते का नाई?"

"होते!" सभा ओरडली.

"मंग रोलमधे कसं होईन? डब्बा बंद, दार बंद, अंदर अंधार. माणूस जाऊ शकते का अंदर? नाई जाऊ शकत. आत्मा जाऊ शकते! जो ऊपर से आता है, वही रोल में आता है!"

युक्तिवाद बिनतोड होता. मोबाइलवर रोज स्वतःचं नाक सरळ करून घेणारी कॉलेजची पोरंसुद्धा माना डोलवत होती.

रीत अशी होती की लोकांनी मेलेल्या माणसाची तसबीर आणून आठवडाभर महाराजांच्या पायाशी ठेवायची, पुढल्या रविवारी फोटोला बसायचं आणि त्याच्या पुढल्या रविवारी फोटो घ्यायला यायचं. भागीरथाबाईंना त्यांचा फोटो मिळाला तेव्हा त्यांनी टाहो फोडला. खांद्यामागच्या अंधारातून त्यांचा सात वर्षांपूर्वी गेलेला नवरा बघत होता. त्याच मिशा, तीच टोपी. भागीरथाबाईंनी फोटोचे मुके घेतले आणि अख्ख्या आवाराच्या अंगावर काटा आला.

सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. एका बाईच्या हाती नुसता काळा फोटो पडला. "दर्शन नाकारलं!" महाराज गरजले. "घरातल्या कोन्या बाईनं विटाळात देवाले हात लावला?" बाईनं वळून सुनेकडे पाहिलं आणि सुनेनं मान खाली घातली.

"भिंगावरचं झाकण काढाले विसरला लेकाचा," मागे भिंतीला टेकलेले अण्णाजी पुटपुटले.

नानाजी नावाच्या सत्तरीच्या शेतकऱ्याच्या फोटोत पायातल्या चपला होत्या, धोतर होतं, सदऱ्याची बटणं होती, फक्त डोकं नव्हतं. "मुंडकं वरच्यानं ठेवून घेतलं, बुढेबा. आता वरसाच्या आत..." महाराजांनी वाक्य अर्धंच सोडलं, कारण अर्धं वाक्य जास्त लागतं. नानाजी मटकन खाली बसले. तसल्या कॅमेऱ्यात बघायची काच वर आणि फोटो काढायचं भिंग खाली असतं. माणूस जवळ उभा असला आणि लक्ष दिलं नाही तर डोकं चौकटीबाहेर जातं. एवढं कोणी सांगितलं असतं तर नानाजी त्या दिवशी जेवले असते. कोणाच्या फोटोत कोपऱ्यात काळसर गोल डाग आला की तो शनी. अख्खा रोल कोरा निघाला की त्या घराण्याचं पुण्य संपलं.

अण्णाजी करमणुकीसाठी आले होते. बसस्टँडसमोर त्यांचा फोटो स्टुडिओ. चाळीस वर्षं रोहण्याची लग्नं आणि बारशी त्यांनीच काढली. आता वय चौऱ्याहत्तर, दुकान मुलगा अंकुश बघायचा आणि फोटोपेक्षा झेरॉक्सच जास्त चालायची. महाराजांचा एकेक चमत्कार अण्णाजी मनातल्या मनात चुकांच्या यादीत बसवत होते आणि मिशीत हसत होते.

"समीक्षा! कोन हाय समीक्षा?"

आठ वर्षांची पोर आजीचा हात धरून पुढे गेली. महाराजांनी तिचा फोटो सभेपुढे धरला आणि बाया एकदम पुढे सरकल्या. पोरीच्या चेहऱ्याला डावीकडून तांबूस-केशरी ज्वाळ वेढून होती, पार केसांपर्यंत.

"ज्योत!" महाराज उठून उभे राहिले. "पोट्टीच्या आंगात ज्योत हाय. हिले फेफरं येते?"

"येत होते, महाराज," आजी सुलोचनाबाई म्हणाल्या. "वर्धेच्या डॉक्टरनं गोळ्या देल्या तवापासून सालभर आलं नाई."

"गोळ्या! मायबाई, ज्योतीवर पानी टाकून राह्यली तू. थे फेफरं नाई, थे देवी आंगात याले पाहून राह्यली. आजपासून गोळी बंद. गोळीनं ज्योत विझली तं पोट्टी बी विझन."

सुलोचनाबाईंनी जमिनीला डोकं टेकलं. त्यांच्या मागे उभी असलेली सून, समीक्षाची आई सपना, वाकली नाही. अण्णाजींचं हसू मात्र तिथेच थांबलं.

मग महाराजांनी पुढच्या फोटोसाठी कॅमेरा डोळ्याला लावला. डाव्या हाताची करंगळी आपोआप उठली आणि भिंगाच्या कडेवर जाऊन बसली. फोटोतला शनी तो हाच. ही करंगळी अण्णाजींच्या ओळखीची होती. तिच्यावर त्यांनी स्वतः दोन वर्षं लाकडी फूटपट्टी मारली होती. दाढी, भगवी कफनी आणि हिंदी बाजूला केली तर व्यासपीठावर रूपराव होता. १९९२ साली त्यांच्याच स्टुडिओत उमेदवारी करणारा रूप्या.

बुधवारी दुपारी सपना दुकानात आली. तिनं पदराखालून तो ज्वाळेचा फोटो काढून काउंटरवर ठेवला.

"अण्णाजी, तुम्ही जलमभर रोलचे फोटो काढले. मले खरं सांगा, हे काय होय?"

"उजेड शिरला, बाई." अण्णाजींना दुसरी नजर टाकायची गरज पडली नाही. "कॅमेऱ्याचं मागचं दार पापणी लवते इतका वेळ उघडलं का उजेड मागून घुसते. रंगीत रोलवर मागून आलेला उजेड असा लाल उमटते. नवशिक्या पोट्ट्याच्या हातून हमेशा होते हे. असे फोटो मी चुलीत घालत होतो."

सपनानं डोळे मिटले, उघडले. "मंग चला. आत्ताच चला अन् आईले सांगा. चार दिवस झाले गोळी बंद हाय. पोट्टी घास हातात धरून बसून राह्यते, आवाज देला तं पाहत नाई. मी गुळात लपवून गोळी देली तं आईनं तिच्या तोंडात बोट घालून काढली."

"नीलेश काय म्हनते?"

"थे म्हनते, आईच्या मनासारखं होऊ दे, मंग पाहू."

सपनाचा नवरा नीलेश कृषी केंद्र चालवायचा. एका पंपाला कोणतं औषध किती मिली घालायचं हे तो शेतकऱ्यांना तीनतीनदा बजावून सांगायचा, फवारणीचा दिवस चुकला तर त्यांच्यावर ओरडायचा. कपाशीच्या झाडाला त्या घरात जेवढी शिस्तीची दवा मिळत होती तेवढी पोटच्या पोरीला मिळत नव्हती.

"आईचं एकच म्हननं हाय," सपना म्हणाली. "रोल खोटं बोलत नाई, माह्या घरीच पुरावा हाय. देव्हाऱ्यात लावला हाय थो फोटो. लग्नात त्यायचा मेलेला बाप आशीर्वाद द्याले आला होता. थो फोटो तुम्हीच काढला ना?"

चपलेत पाय घालत असलेले अण्णाजी पुन्हा स्टुलावर बसले. "संध्याकाळी येतो," म्हणाले. संध्याकाळी ते गेले नाहीत.

जावं कसं? तो फोटो खरंच त्यांचा होता. ब्याण्णव सालचं लग्न. सुलोचनाचे वडील लग्नाआधी चार महिने गेलेले. फोटो धुऊन आले तेव्हा नवरा-नवरीच्या डोक्यांमागच्या अंधारात बापाचा चेहरा होता. अण्णाजींना एका क्षणात कळलं की रूप्यानं एकदा वापरलेला रोल कोरा समजून लग्नात पुन्हा लावला होता. नवरीकडचे लोक फोटो घ्यायला दारात आलेले, आणि लग्न काही परत लावता येत नाही. रूप्या रडत कबूल करायला पुढे झाला, तर अण्णाजींनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग नवरीला म्हणाले, "पोरी, तुझे बाबा आले होते गं." पोरगी ढसाढसा रडली, तिची आई रडली, स्टुडिओचं नाव पंचक्रोशीत झालं. रूप्याला अण्णाजींनी त्याच आठवड्यात हाकलून दिलं. चूक त्याची होती ना! खोटं बोलल्याबद्दल अण्णाजींना हाकलायला तिथे कोणी नव्हतं.

गुरुवारी ते जिनिंगच्या जुन्या ऑफिसात गेले. महाराज खाटेवर लोळत कलिंगड खात होते.

"या गुरुजी," महाराज उठलेसुद्धा नाहीत. "मी वाटच पाहून राह्यलो होतो. रविवारी मागं उभे होते, पाहिलं मी."

"लाज नाई वाटत रे रूप्या? ज्या चुकायसाठी मी तुले हाकललं त्याच चुका तू लोकायले इकून राह्यला?"

"चुका तं माह्याजवळ पयलेपासून होत्या, गुरुजी. इकाचं तुम्ही शिकवलं." रूपरावनं बी थुंकली. "मी तं खरं सांगाले चाललो होतो. हात कोनाचा होता माह्या तोंडावर?"

"थे एक बार झालं. अन् त्यानं कोनाचं नुकसान नाई झालं. ही पोट्टी मरन रे."

"मरन तं मी म्हनन, मायनं चोरून गोळी देली, ज्योत विझली. लोक मायले धरतीन, मले नाई." कलिंगडाचा भाव सांगावा इतक्या सरळपणे त्यानं हे सांगितलं. "सांगा ना तुम्ही. भर सभेत सांगा. पन पयले सुलोचनाबाईले सांगा का तिचा बाप कुठून आला होता. तीस-बत्तीस वर्सं पूजा केली बाईनं. पाहू तुमची छाती."

अण्णाजींची छाती तेवढी नव्हती. शुक्रवारी सकाळपासून त्यांनी दुकानात सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढल्या, अंकुशनं नको म्हटलं तरी काढल्या. भित्र्या माणसाला काम लगेच सापडतं. ते झेरॉक्स काढत होते त्याच वेळी, सुलोचनाबाईंच्या स्वयंपाकघरात, पोळ्यांच्या तव्याजवळ उभी असलेली समीक्षा ताठ झाली आणि उभ्याची आडवी झाली. तवा तिच्याबरोबर खाली आला. गाल त्यावर टेकला आणि झटके थांबेपर्यंत टेकलेलाच राहिला, कारण आजीनं सपनाचा हात धरून ठेवला होता. "हात लावू नोको, देवी हाय, देवी हाय!"

सपनानं सासूला ढकललं तेव्हा पोर तव्यावरून उचलली गेली. मग वर्धा, मोठा दवाखाना, सलाइन, गालाला पट्टी.

शनिवारी रात्री सपनाचा फोन आला. आवाज कोरडा होता. "आई अन् हे, दोघं मिळून पोट्टीची सुट्टी करून घेऊन राह्यले, डॉक्टर नाई म्हनते तरी. उद्या तिले गादीवर बसवते म्हनते महाराज. ज्योतमाता. तुम्ही बुधवारी येतो म्हनले होते, अण्णाजी."

फोन ठेवून अण्णाजींनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. प्रत्येक लग्नाच्या निगेटिव्ह त्यांनी लिफाफ्यात जपून ठेवल्या होत्या. ब्याण्णवचा लिफाफा त्यांनी अंकुशपुढे ठेवला. "ह्या पट्ट्या स्कॅन कर. सगळ्या. अन् मोठे कागद काढ."

स्क्रीनवर एकेक चित्र उघडत गेलं तसा अंकुश बापाकडे बघायला लागला. "बाबा, तुम्हाले हे मालूम होतं?"

"काढ कागद," अण्णाजी म्हणाले.

रविवारी गर्दी दुप्पट होती. मखमली खुर्चीत समीक्षा बसली होती. अर्ध्या तोंडाला पट्टी, गळ्यात तिला न पेलणारा हार. पट्टीवर कोणीतरी कुंकू लावलं होतं. बाया रांगेनं येऊन तिच्या पायाला हात लावत होत्या आणि ती पोर प्रत्येक बाईकडे अशी बघत होती, जणू ही तरी आपल्याला खाली उतरवेल. कोणी उतरवत नव्हतं. सपनाला चेल्यांनी व्यासपीठाच्या कडेला, महाराजांच्या गादीमागे उभं ठेवलं होतं.

अण्णाजी कागदांची गुंडाळी घेऊन पुढे चालत गेले. महाराजांच्या दोन चेल्यांनी त्यांना अडवलं.

"येऊ द्या त्यायले!" सुलोचनाबाई ओरडल्या. "त्यायनंच काढला माह्या बापाचा फोटो! अण्णाजी, सांगा लोकायले. रोल खोटं बोलते का?"

सुलोचनाबाईंनीच वाट करून दिली. अण्णाजींना त्या क्षणी परत फिरावंसं वाटलं. पण समोर पट्टी होती.

"रोल खोटं बोलत नाई, बाई," ते म्हणाले. "मी बोललो होतो."

त्यांनी पहिला कागद उघडला. देव्हाऱ्यातलाच फोटो, पण पूर्ण. देव्हाऱ्यात होता त्यात नवरा-नवरीमागे बापाचा नुसता चेहरा होता. यात चेहऱ्याभोवती लाकडी चौकट होती, वर खिळ्यात अडकवायची कडी होती आणि काचेवर बल्बचा पांढरा चटका होता.

"स्वर्गातून येनारा बाप खिळ्याची कडी घेऊन येते का? ही तुमच्या घरची तसबीर हाय. लग्नाच्या आठ दिवस आधी तुम्हीच आणून देली होती, मांडवात खुर्चीवर ठेवाले मोठा फोटो पाहिजे म्हनून. आम्ही मांगं काळं कापड लावून तिचे तीन फोटो घेतले. बाकीचा रोल उरला, थो काढून ठेवला. रोलचं पयलं टोक, त्याले आम्ही जीभ म्हनतो, थे वापरल्यावर पुरं अंदर ओढून घ्या लागते, का कोनी भुलून परत लावू नये. माह्याकडं काम शिकनाऱ्या पोट्ट्यानं थे बाहेर ठेवलं. जीभ बाहेर दिसली म्हनून कोरा समजून थोच रोल लग्नात लागला. एकावर एक दोन फोटो बसले. बाकीची चौकट मी कापून फेकली अन् तुमच्या हातात नुसता बाप देला."

आवारात कुजबुज सुरू झाली. महाराज गादीवरून हसले. "देखो! घमंड देखो! अरे, आत्म्यानं तसबिरीचं रूप घेतलं असन. आत्मा कोनतंही रूप घेते!"

"बराबर. थे बी पाहू." अण्णाजींनी दुसरा कागद उघडला. त्यात सुलोचनाबाईंचा बाप बँडवाल्याच्या ढोलावर होता. चौकटीसकट, कडीसकट. तिसऱ्या कागदात तो आचाऱ्याच्या वांग्याच्या भाजीच्या गंजात होता आणि मिशांवरून वाफ निघत होती.

"हे दोन तुम्हाले कधी दाखवले नाई, बाई. बापानं तुम्हाले आशीर्वाद देला, तसाच ढोलाले देला अन् भाजीले बी देला."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग भिंतीजवळचे हसले, मग अख्खं आवार. एका बाईच्या मेलेल्या बापावर हजार माणसं हसली आणि सुलोचनाबाई त्या हशाच्या मधोमध उभ्या राहिल्या. अण्णाजींनी चौथा कागद उघडला. पंगतीजवळ उष्ट्या पत्रावळी चाटणारं एक कुत्रं, आणि त्याच्याभोवती केशरी-तांबूस ज्वाळ. अगदी समीक्षाच्या फोटोतली.

"रूप्यानं त्या दिवशी कॅमेऱ्याचं दार बी उघडलं होतं. सांग रूप्या, ह्या कुत्र्याले कोनती देवी आली होती?"

"झूठ! ये सब कंप्यूटर का खेल है!" महाराज उठले, आणि त्यांच्या उठण्यानं गादी सरकली. गादीखालची रेक्झिनची पिशवी सपनानं कधी ओढली ते कोणालाच दिसलं नाही. तिनं ती ताडपत्रीवर उलटी केली. पंधरा-वीस रोल घरंगळले. प्रत्येकाची जीभ बाहेर, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली एक चिठ्ठी.

"महाराज, हे कोरे रोल हाय ना? आज लावाचे?" सपनानं एक उचलला. "मंग यावर कोनाचं कोन मेलं थे काऊन लिहून हाय?" ती मोठ्यानं वाचायला लागली. "खरांगण्याचा कैलास, बाप. पुलगावच्या मोहिनीबाई, सासू. आर्वीचे मास्तर, मोठा भाऊ..."

"अरे, माह्या बापाची तसबीर तं मी मागल्या रविवारीच ठेवली!" गर्दीतून आवाज आला. "फोटोले तं मी आज बसनार हाय!"

"तुम्ही बसाच्या आधीच तुमचा बाप रोलमधे जाऊन बसला," अण्णाजी म्हणाले. "तसबीर कशाले ठेवून घेते, समजलं का आता? वापरलेल्या रोलले नाव लिहून चिठ्ठी बांधाची. मी दोन वर्सं शिकवलं त्यातलं एवढंच यानं ध्यानात ठेवलं."

पाच मिनिटांपूर्वी जे हात पायाला लागत होते तेच रूपरावच्या दाढीला लागले. त्याला मारणाऱ्यांत सगळ्यात पुढे त्याचे दोन चेले होते. काळ्या फोटोवाल्या बाईनंही चप्पल काढली. सुनेला मात्र तिनं एक शब्द विचारला नाही. भागीरथाबाई नवऱ्याचा फोटो चोळीत खुपसून गुपचूप फाटकाबाहेर पडल्या आणि त्यांना थांबवायचं धैर्य अण्णाजींना झालं नाही. सपनानं पोलिसांना सकाळीच तक्रार दिली होती, म्हणून ते वेळेवर आले आणि रूपराव जिवंत त्यांच्या जीपमध्ये चढला.

सुलोचनाबाई हलल्या नव्हत्या. "बाप आला नव्हता?" त्यांनी विचारलं.

"नाई, बाई."

"तुम्हाले तवाच मालूम होतं?"

"होतं."

"मी रोज बोलत होती त्याच्यासंगं. नीलेशच्या टायमाले अडली होती तवा त्यालेच म्हनलं, तू आला होता ना लग्नात, आता बी ये." त्या जवळ आल्या आणि त्यांनी अण्णाजींच्या थोबाडीत मारली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या थोबाडीत, भर सभेत, पूर्ण हातानं. कोणी मध्ये पडलं नाही. अण्णाजींनीही गाल चोळला नाही.

मग त्या वळल्या, नातीच्या गळ्यातला हार ओढून तोडला आणि तिला खाली उतरवलं.

"सपना, गोळीची येळ कोनती?"

"होऊन गेली, आई. अन् गोळ्या तुम्हीच लपवल्या."

"तांदळाच्या डब्यात हाय," सुलोचनाबाई म्हणाल्या. "चाल लवकर."

अण्णाजींनी नंतर बसस्टँडसमोर एक फळा लावला आणि त्यावर रोलच्या सगळ्या चुका लिहिल्या, कोणत्या चुकीनं फोटोत काय दिसतं ते. शेवटी लिहिलं: फोटोत नवल दिसलं तर आधी काढणाऱ्याला विचारा, आणि तो सांगेल त्यावरही विश्वास ठेवू नका, निगेटिव्ह मागा. लोक वाचतात, हसतात आणि पुढे जातात. पुलगावला आता म्हणे नाडी बघून मेलेल्या माणसाचा निरोप सांगणारा कोणी आला आहे. जे डोळ्यांना दिसलं ते घडलंच असं नसतं. कसं दिसलं, कोणी दाखवलं, दाखवणारा काय लपवतो आहे, एवढे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. ते सुलोचनाबाईंनी बत्तीस वर्षांपूर्वी विचारले असते, किंवा अण्णाजींनी खरं सांगितलं असतं, तर एका पोरीचा गाल शाबूत राहिला असता.

जूनमध्ये शाळेच्या फॉर्मसाठी समीक्षाचा फोटो हवा होता. सुलोचनाबाई तिला घेऊन दुकानात आल्या. त्या दिवसापासून त्या अण्णाजींशी बोलल्या नव्हत्या, पण रोहण्यात दुसरा स्टुडिओ नव्हता. गालावर कानापासून ओठापर्यंत भाजल्याचा गुळगुळीत गुलाबी डाग होता. अंकुशनं फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला आणि सवयीनं माउस त्या डागावर नेला.

"दोन मिनिटांत साफ करून देतो, मावशी. काही दिसनार नाई."

"नोको." सुलोचनाबाई अंकुशशी बोलत होत्या, पण बघत होत्या अण्णाजींकडे. "राहू दे. कोनी इचारलं तं मी सांगन कोनी केला थो."

अण्णाजींनी होकाराची मान हलवली. अंकुशनं माउस बाजूला केला आणि फोटो होता तसाच छापला.